पिकत्या केळीचा वास
आज फैजपूरच्या रस्त्याला गाडीत केळी पिकल्याचा वास दाटला आणि त्या मायलेकी आठवल्या. तेव्हा मी जळगावात मेंदूचे एमआरआय तपासायचे. फिट येणाऱ्या त्या मुलीच्या मेंदूत, आतल्या पोकळीच्या काठाने, बारीक गाठींची माळ होती. गर्भात तिथे जन्मलेल्या पेशी सरकत सरकत मेंदूच्या पृष्ठभागाकडे जातात. पेशीतले धागे बांधून धरणारं एक प्रथिन बिघडलं, की काही जन्मल्या जागीच बसून राहतात, त्यांच्याच या गाठी. हे पुष्कळदा आईकडून येतं; मुली जगतात, मुलगे सहसा वाचत नाहीत. म्हणून आईचाही एमआरआय केला. तीच माळ, त्याच जागी. "माहेरी कोणाला होतं?" मी विचारलं. "मायले होतं, मॅडम. आमच्यात पोऱ्या झाला तर त्याले पाळणा बांधत नाही. तो राहतच नाही." तेवढ्यात मुलगी पुटपुटली, "आई, केळी पिकल्याचा वास येऊन राहिला." फिट येण्याआधी तिला तो यायचाच, खोलीत मात्र नुसता फिनेलचा वास होता. आईने तिला घट्ट धरलं आणि हळूच म्हणाली, "मले बी येऊन राहिला." मघाशी म्हणूनच मी ड्रायव्हरला विचारलं, "भाऊ, केळीचा वास येतोय ना?" त्याने काच खाली केली, बाहेर तोंड काढून हुंगलं आणि म्हणाला, "नाही, ताई."