गॅलरीतला दिवा

“बोलत नाही फारशी. ते एक बरंय.”

मला बघायला आलेल्या मुलाची आई त्याला सांगत होती. आवाज हळू होता, पण आमच्या खडकीच्या क्वार्टरमध्ये हळू बोलून उपयोग नसतो. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यात फक्त एक पडदा. पाणी देऊन मी नुकतीच आत आले होते, आणि पडद्याच्या अलीकडे पोह्यांचा ट्रे धरून उभी होते. माझ्या मागे आई. तिनेही ऐकलं. एका बशीवर तिला खोबरं कमी वाटलं. तिथे तिने चिमूटभर जास्त घातलं.

“जा,” ती म्हणाली. “गार होतील.”

मी बोलत नाही हे खरंच होतं. बाबा कारखान्यात कामगार. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी मला कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत घातलं. शाळेत माझ्या इंग्रजीला क्वार्टर्सचा वास यायचा, क्वार्टर्समध्ये माझ्या मराठीला शाळेचा. तिकडे मुली हसायच्या. इकडे बायका म्हणायच्या, “आल्या मॅडम.” तोंड बंद ठेवलं की दोन्हीकडे शांतता असते, हे मला लवकर कळलं. पुढे सॉफ्टवेअर कंपनीत लागले. तिथे शेजारच्या खुर्चीवरच्या माणसालाही मेल करतात. माझं बरं चाललं.

आपण गप्प राहिलो की लोक आपल्या वतीने बोलून टाकतात, हे मात्र उशिरा कळलं. बंगलोरला मिळालेली नोकरी मी अशीच सोडली. म्हणजे बाबांनी शेजाऱ्यांना सांगितलं, “तिलाच जायचं नाहीये,” आणि मी तिथेच उभी होते.

त्या रविवारीही तशीच साडी नेसून उभी होते. बाबा निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडावी लागणार होती. त्याआधी, याच दारातून, मुलीचं लग्न लागावं एवढंच त्यांना हवं होतं. मुलगा कोथरूडचा, स्वतःच्या फ्लॅटमधला, माझ्यासारखाच सॉफ्टवेअरमधला, पण अमेरिकेला निघालेला. “असं स्थळ आपल्या दारात परत येणार नाही,” असं बाबा आठवडाभर म्हणत होते. रागाने नाही. घाबरून.

पोहे झाले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, “छंद वगैरे?”

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, “लिहिते ना. इंग्रजीत. कंपनीच्या अंकात छापून आलंय.” आणि टीव्हीखालच्या कप्प्यातून त्यांनी अंक काढून टीपॉयवर ठेवला.

बाबांनी ती गोष्ट वाचलेली नव्हती. त्यांना इंग्रजी येत होतं ते मशीनवरच्या सूचनांपुरतं. त्यांनी फक्त माझं नाव वाचलं होतं आणि कारखान्यात सगळ्यांना वाचायला लावलं होतं. ही चूक आमच्यासारख्या घरातच होते. इंग्रजीत आहे ना, मग चांगलंच असणार.

मुलाचे वडील कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. हातात छापील काही आलं की मोठ्याने वाचायची सवय असावी. त्यांनी चष्मा लावला.

“अहो, मला कळेल असं,” त्यांची बायको म्हणाली. “मराठीत सांगा.”

मग ते मराठीत सांगू लागले. एकेक वाक्य मनात वाचायचे, मग वर बघून बोलायचे. मी समोर स्टुलावर. उठून जाता येत नव्हतं.

“एक शहर आहे. तिथे प्रत्येक घराच्या दाराशी एक सरकारी दिवा. घरातली मुलगी बाहेर पडली की तो आपोआप लागतो. ती परत आली की विझतो.”

“अरे वा,” मुलाची आई म्हणाली. “सोय चांगली आहे. कळतं तरी.”

मला वाटलं, थट्टा करतायत. त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

“संध्याकाळी गल्लीतले लोक खुर्च्या टाकून बसतात आणि कोणाकडचा दिवा किती वेळ चालू आहे ते बघतात. फार वेळ चालू राहिला तर दुसऱ्या दिवशी त्या घराचं दूध बंद.” त्यांनी मान डोलावली. “दूध बंद म्हणजे जरा जास्त झालं. समज द्यावी आधी.”

“टेक्निकली अवघड नाही काही,” मुलगा म्हणाला. तेव्हापर्यंत तो मोबाइल बघत होता. पहिल्यांदाच त्याला माझ्यात रस वाटला. “दाराला सेन्सर लावला की झालं. तुमच्या कंपनीत आयडी कार्ड स्वाइप करता ना? तसंच.”

मी मान हलवली. स्वाइप करतो हे खरं होतं.

तोवर स्वयंपाकघरात चहाच्या कपांचा आवाज येत होता. तो थांबला.

आमच्या गॅलरीत एक पिवळा बल्ब आहे. मी घरी येईपर्यंत आई तो चालू ठेवते, आले की बंद करते. शाळेत होते तेव्हापासून. मला जिना दिसावा म्हणून, असं ती म्हणते. पण समोरच्या इमारतीतल्या काकू सकाळी पाण्याच्या वेळी हमखास म्हणतात, “काल तुमचा दिवा बराच वेळ चालू होता हो.” मग आई त्यांना माझ्या कंपनीची बस कशी अडकली ते सांगते. बस अडकलेली नसली तरी.

गोष्ट लिहिताना मी हा बल्ब मनात धरला होता. पण इंग्रजीत लिहिल्यामुळे ते शहर लांबचं झालं होतं, कुठलंही, कोणाचंही. लंच अवरमध्ये लिहिताना मला हसूही आलं होतं. आता एक परका माणूस आमच्या खोलीत बसून ती मराठीत सांगत होता आणि ते शहर जिना चढून वर आलं. खुर्च्या टाकून बसलेले लोक आमच्याच सोफ्यावर बसले होते. कोणालाही त्यात वावगं काही दिसत नव्हतं. मी त्यांची टर उडवायला निघाले होते आणि त्यांना ती सूचना वाटत होती.

बाबा हसत होते. पाहुणे मान डोलावतायत म्हणजे गोष्ट चांगली आहे, एवढंच त्यांना कळत होतं.

“पुढे एक घर आहे,” मुलाचे वडील सांगत होते, “तिथला दिवा वर्षानुवर्षं लागलेलाच नाही. शहरातली सगळ्यात सालस मुलगी. मोठमोठी स्थळं येतात. शेवटी समिती शाल-नारळ घेऊन सत्काराला जाते. दाराशी पोचून वर बघतात तर...” ते थांबले. ओळ पुन्हा वाचली. “तर दिव्यात बल्बच नाही. मुलगी कधीचीच शहर सोडून गेलेली. जाताना बल्ब पर्समध्ये घालून.”

बाबांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, कुठे ठेवावं ते न कळून.

“हं,” मुलाच्या वडिलांनी अंक मिटला. “भाषा उत्तम आहे. शेवट तेवढा बिघडवलास. बदल तो. पुढच्या वेळी छापायच्या आधी मला दाखवत जा.”

पुढच्या वेळी. म्हणजे ठरलंच होतं.

मग मुलाची आई सांगत गेली, त्याच आवाजात, जणू गोष्ट अजून चालूच आहे. नोकरीला हरकत नाही. मात्र कंपनीच्या बसनेच जायचं, बसनेच यायचं. तो अमेरिकेला गेला की पहिलं वर्ष तिने कोथरूडला आमच्याजवळ राहायचं, घराची पद्धत कळते. लिहायलाही हरकत नाही, वेळ मिळाला तर. प्रत्येक वाक्यानंतर बाबा “हो हो” म्हणत होते. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

“मुलीला विचारायचंय का काही?” मुलाचे वडील म्हणाले.

“तिला काय विचारायचं?” बाबा म्हणाले. “आमच्या शब्दाबाहेर नाही ती.”

“मग साखर आणा वहिनी.”

आमच्यात मुलीची पसंती तोंडाने विचारत नाहीत. तिच्या हातावर साखर ठेवतात. तिने खाल्ली की झालं. खाल्ली नाही, असं कोणाचं ऐकलेलं नाही. माझ्या मावशीने रडत रडत खाल्ली होती म्हणे. तरी खाल्लीच.

आई वाटी घेऊन आली. मुलाच्या आईने चिमूट उचलली आणि माझा हात आपोआप पुढे गेला. हाताचा राग आला मला. लहानपणापासून कोणी काही दिलं की असाच पुढे जायचा, उजवा, खाली डावा धरून. साखर तळव्यावर पडली. तळवा ओला होता. ती लगेच चिकट व्हायला लागली.

मी आईकडे पाहिलं. ती वाटीकडे बघत होती. खा म्हणत नव्हती, खाऊ नकोही म्हणत नव्हती. ती मला सोडवणार नव्हती. तिला स्वतःलाच कोणी सोडवलेलं नव्हतं. बाबांकडे बघायची हिंमत झाली नाही. नाही म्हटलं तर पुढचं सगळं दिसत होतं: रिकामी करायची क्वार्टर, आठवडाभर न बोलणारे बाबा, समोरच्या काकूंना आई काय सांगेल ते. तळव्यावरची साखर विरघळून जाईल आणि खाल्ली की नाही हे कोणी विचारणारही नाही, असंही वाटलं. तेवढ्यानेही चाललं असतं त्यांना.

शाळेत उत्तर द्यायचं तर उठून उभं राहावं लागायचं. बसून बोलायची मला सवयच नाही. मी उभी राहिले.

बोलले. पण इतकं हळू की माझं मलाच नीट ऐकू आलं नाही.

“काय म्हणाली?” मुलाच्या आईने बाबांना विचारलं. मला नाही, बाबांना.

बाबा माझ्या वतीने काहीतरी सांगायला तोंड उघडत होते. मी हात वाटीवर उपडा केला. थोडी साखर पडली, बाकीची तळव्याला चिकटून राहिली. मग मी परत म्हणाले, समोरच्या इमारतीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात:

“काका, गोष्टीचा शेवट तोच राहील. आणि ही साखर मी खाणार नाही.”