डोरीनची तिसरी दुरुस्ती

डोरीन व्हिटेकर आमच्या शाळेत आठवीला अमेरिकेचा इतिहास शिकवायची. ओहायोतलं आमचं गाव एवढंसं. बाप आणि लेक दोघंही तिच्या हाताखालून गेलेत, अशी घरं पुष्कळ. राज्यघटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्या तिला तोंडपाठ, पण जीव जडला होता तिसरीवर. शांततेच्या काळात मालकाच्या संमतीवाचून कुणाच्या घरी सैनिक ठेवायचे नाहीत, एवढंच ही दुरुस्ती सांगते; पूर्वी इंग्रजांनी अमेरिकेतल्या लोकांच्या घरांत आपले सैनिक घुसवले होते, म्हणून ती आली. तिच्यावरून सहसा कुणी कोर्टात जात नाही.

"भाषणाच्या हक्काला वकील, बंदुकीच्या हक्काला वकील," डोरीन हळहळायची, "या बिचारीला कुणी वाली नाही!"

मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो. भिंतीपलीकडून हा विलाप दरवर्षी ऐकू यायचा.

त्या ऑक्टोबरात बँडच्या खोलीतला पाइप फुटला. मिरवणूक तोंडावर आलेली. मुख्याध्यापक ग्रॅबोव्स्कींनी ढोल, ट्रॉम्बोन आणि ते वाजवणारी पोरं डोरीनच्या वर्गात मागे आणून बसवली.

"दोनच आठवडे, डोरीन. तू शिकव, ते हळू वाजवतील."

"ढोल? हळू?"

तिसऱ्या दिवशी डेलनी क्रूगर उठली. वराहपालन करणाऱ्या क्रूगरची मुलगी, बोलायला एक नंबर फटकळ.

"बाई, यांच्या अंगावर गणवेश आहेत ना?"

"आहेत."

"रांगेत चालतात, हुकूम झाला की थांबतात. मग हे सैन्यच झालं की! आपली संमती कुणी घेतली?"

वर्गात असा गलका उठला की ढोल ऐकू येईनात. डोरीन खुर्चीत बसली आणि रुमाल शोधू लागली. इतक्या वर्षांत तिसऱ्या दुरुस्तीसाठी कुणी उभं राहिलेलं ती पहिल्यांदाच पाहत होती.

पोरांनी अर्ज लिहिला, सह्या केल्या. ग्रॅबोव्स्की तो हातात धरूनच वर्गात आले.

"अरे, हे कसले सैनिक? त्या ट्रॉम्बोनवाल्याच्या दातांना अजून तारा आहेत! आणि शाळा म्हणजे काही घर नव्हे."

"सर," डेलनी म्हणाली, "सोमवारच्या सभेत 'शाळा हे आपलं दुसरं घर' असं कोण म्हणालं होतं?"

ग्रॅबोव्स्की डोरीनकडे वळले. "हे तू शिकवलंस?"

"मी फक्त दुरुस्ती शिकवली, सर. जीभ तिच्या घरची."

तेवढ्यात तारांवाला पोरगा मागून म्हणाला, "सर, आम्हाला तरी इथं कुठं राहायचंय? या बाई आमच्याकडे बघून सारख्या 'इंग्रज, इंग्रज' म्हणतात."

दोन्ही बाजूंचं एकमत झाल्यावर ग्रॅबोव्स्कींचा नाइलाज झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बँड उचलला आणि आमच्या स्टाफरूममध्ये नेऊन ठेवला.

आता पेटलो आम्ही. मी चार शिक्षक गोळा केले आणि चक्क डेलनीला गाठलं. "आमचाही अर्ज लिहून दे ना."

"काल तुम्ही न सांगता परीक्षा घेतलीत, सर," ती म्हणाली आणि डबा खायला निघून गेली.

शेवटी आम्हीच लिहिला. "स्टाफरूम घर नाही," असा शेरा मारून ग्रॅबोव्स्कींनी तो परत पाठवला. पाइप थेट नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर दुरुस्त झाला. तोवर आम्ही कॉफी गाडीत बसून पीत होतो.

डोरीनला आमची कीव आली असावी. एका शुक्रवारी तिनं भोपळ्याचं गोड सारण भरलेले दोन 'पम्पकिन पाय' भाजून स्टाफरूममध्ये ठेवले. तास संपवून आम्ही पोचलो, तेव्हा ताटल्या रिकाम्या होत्या आणि बँडमधला ट्यूबा वाजवणारा पोरगा ओठ पुसत होता.