अक्कानं न दिलेला नंबर

महादेवी अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीत बसून पेपरवाल्याच्या नावानं खडे फोडत होतो. फोनवर तिची मुलगी सुवर्णा होती. "सर, आई गेली. पहाटे, झोपेतच." एरवी माझं तोंड कुणाच्या बापाला ऐकत नाही. नोकरीभर स्टेशन मास्तर होतो, आणि दुसऱ्याचंही ऐकून घ्यायचं असतं हे मला रिटायर झाल्यावर बायकोनं शिकवलं. पण त्या सकाळी 'बरं' एवढंच म्हणून मी फोन ठेवला. अक्काच्या नोकरीला एक डाग लागला होता. तो मी लावला होता, आणि पुसायचा राहून गेला होता. महिन्याभरानं हे लिहितोय ते त्यासाठीच.

अक्का फाटकवाली. सोलापूरपासून तासाभरावर माझं लहानसं स्टेशन होतं आणि वळणापलीकडं, उसाच्या वाटेवर तिचं फाटक. नवरा रेल्वेत गँगमन, रुळांची देखभाल करणारा. तो गेला आणि त्याच्या जागी ही लागली. अक्कलकोटकडची, माहेर कानडी, बोलताना "री" लावल्याशिवाय वाक्य पुरं व्हायचं नाही. पहिल्या दिवशी पदर खोचून समोर उभी राहिली आणि मी तिला नंबरांचा कागद समजावला. तेव्हाची पद्धत अशी, की गाडी यायच्या आधी मी फोन फिरवायचा, तिनं फाटक लावायचं आणि मग छापील कागदावरचा पुढचा आकडा मला सांगून खोडायचा. मला इथून फाटक दिसायचंच नाही, म्हणून तो आकडा कानावर आला की मगच मी सिग्नल द्यायचा. "आकडा कशाला री? लावलं म्हनलं की झालं न्हाय का?" तिनं विचारलं. मी ऐटीत म्हणालो, "बाई, हा आकडा म्हणजे तुमचा शब्द. एकदा दिला की परत घेता येत नाही." तिनं मान डोलावली आणि कागद घडी करून नेला.

काय बाई होती! फाटकाखालून मोटरसायकल वाकवून घालणाऱ्याला अशी झाडायची, "घरी कुनी वाट बघनारं न्हाय व्हय रं? जीव नकोसा झालाय?" आणि तोच गडी ऊन उतरेस्तोवर तिच्या माठातलं पाणी पीत बसलेला दिसायचा. खोलीमागं तिनं मेथी लावली होती. ट्रॅकवरून चालत येणाऱ्या माणसाच्या हाती कधी जुडी, कधी भाकरी आणि शेंगाचटणी स्टेशनात यायची. आणि दिवसातून कितीदा तरी फोनवर तो आवाज यायचा, "आयतु री, झालं बगा. लिवा, सत्तेचाळीस."

ऊसतोडीच्या हंगामाचे दिवस होते. भर दुपार. मेल मागच्या स्टेशनावरून सुटलेली, कंट्रोलचे साहेब फोनवरून डोक्यावर बसलेले. मी त्यांना छातीठोकपणे सांगून टाकलं, "सगळं तयार आहे, सिग्नल देतोच." आणि मग फाटकाला फोन लावला.

"उसाची ट्रॉली अडकलीया री रुळावर. चाक निसटलंय."

"काढतायत ना?"

"काढायलेत की."

"मग निघेल दोन मिनिटांत. तुम्ही नंबर द्या, तोवर लागेल फाटक."

सांगायला लाज वाटते, पण ही पळवाट मी आधीही, दुसऱ्या पाळीच्या फाटकवाल्याबरोबर, एक-दोनदा वापरली होती. नंबर आधी, फाटक मागून. काही बिघडलं नव्हतं, म्हणून चटक लागली होती.

"न्हाय री."

"अक्का, गाडी आली!"

"मग थांबवा तितंच. फाटक लागल्याबिगर नंबर न्हाय. आकडा म्हंजी शब्द, तुमीच सांगितलं की!" आणि तिनं फोन आपटला.

मेल बाहेरच्या सिग्नलला उभी राहिली. मी इकडं दात-ओठ खात येरझाऱ्या घालतोय. बऱ्याच वेळानं "आयतु री" आलं, नंबर आला, गाडी गेली. संध्याकाळी ऊसतोडीचा मुकादम स्टेशनावर आला तो हात जोडूनच. त्या ट्रॉलीवर मोळ्यांवर बायापोरं बसली होती म्हणे. एकेकाला खाली उतरवून, मग जॅक लावून चाक बसवलं. मी तो आकडा घेतला असता तर मेल न थांबता थेट त्यांच्यावर...

आणि तरीही, मेल का थांबली अशी वरून विचारणा आली तेव्हा मी लिहिलं, 'फाटकावरून नंबर उशिरा मिळाला.' शब्द न् शब्द खरा, आणि सगळं मिळून खोटं. ट्रॉलीचं नावही काढलं नाही, कारण मग 'तयार आहे' कसं म्हणालात, हे विचारलं असतं. अक्काला ताकीद मिळाली आणि दूरच्या फाटकावर बदली झाली. निघताना दारात येऊन म्हणाली, "येते री." मी वहीतून डोकं वर काढलं नाही.

आता तिथं फाटक नाही. रस्ता रुळांखालून जातो आणि पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी तुंबतं. मधल्या काळात फाटकाचं कुलूप सिग्नलशी जोडलं गेलं. फाटक लागल्याशिवाय सिग्नल मिळतच नाही, मास्तर कितीही ओरडो. शेवटची वर्षं मी पडद्यावरच्या रुळांच्या रंगीत रेघा बघत काढली. नव्या पोरांना नंबरांच्या कागदाची गोष्ट सांगितली की हसतात. हसू देत. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही. झालं ते चांगलंच झालं. पण जे काम आज कुलूप करतं, ते तेव्हा एका बाईचं "न्हाय" करत होतं, आणि समोर मी होतो.

गेल्या आठवड्यात सुवर्णाकडं गेलो. ती अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात माल तपासते. तिला सगळं सांगून टाकलं. ती शांतपणे म्हणाली, "ठाऊक आहे, सर. आई म्हणायची, मागनारा मागंल की, देनारीनं बगायचं. तुमच्यावर तिचा राग नव्हता."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी चहाचा कप उचलला.

"माझा आहे," ती म्हणाली.

मी कप खाली ठेवला.

"त्या नव्या फाटकाजवळ शाळा नव्हती. माझी दोन वर्षं गेली. लोक आईला कामचुकार म्हणायचे आणि ती ऐकून घ्यायची. तिनं बाहेर कुणापुढं तुमचं नाव घेतलं नाही, आणि तुम्ही तिची बाजू घेतली नाहीत. आज बोललात, ते पण चार भिंतींत. तेव्हा वर लिहून दिलं होतंत ना? आता परत लिहा. सगळ्यांना वाचता येईल असं."

पोरीचं खरं होतं. म्हणून लिहितो. त्या दुपारी फाटक उघडं होतं. रुळावर ट्रॉली होती, हे मला माहीत होतं. मी खोटा नंबर मागितला. महादेवी बिराजदार यांनी तो दिला नाही.