तळ्याला भरती आली तेव्हा

मी समुद्रकाठच्या कांदळवनातून अकरा शेंगा चोरल्या, जेवणाच्या डब्यात घालून लातूर जिल्ह्यात आणल्या आणि आमच्या गावच्या तळ्यात लावल्या. कुणालाही न विचारता. पुढे जे झालं ते त्या शेंगांमुळे झालं की कसं, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून तर लिहायला बसलोय.

आधी माझी ओळख. माझं निलंग्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उभा जन्म तांब्याची तार गुंडाळण्यात गेला. "विहिरीत काहीतरी हाय, मोटार आपोआप बंद पडायलीय" म्हणत घाबरलेली गिऱ्हाइकं येतात आणि मी त्यांना उडालेला कपॅसिटर काढून दाखवतो. जगातली सगळी भुतं कपॅसिटरमध्ये राहतात असं माझं ठाम मत होतं. होतं...

आमचं गाव शिरूर अनंतपाळ आणि निलंग्याच्या मध्ये. नाव लिहीत नाही, वहिनींची ताकीद आहे. गावाच्या खालच्या अंगाला तळं. पूर्वेला दगडी सांडवा, पश्चिमेच्या टोकाला पाणकणसाचं रान आणि दलदल. उन्हाळा लागला की तिथे शेकाटे येतात — काळ्या-पांढऱ्या अंगाचे, लांब लाल पायांचे पक्षी. पाण्यापासून हातभर अंतरावर, उघड्या चिखलातच अंडी घालतात.

माझ्या थोरल्या भावाची बायको, शारदावहिनी, आणि त्यांच्या गटातल्या बाया यांनी ठरवलं — ही दलदल राखायची, होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवायचे, वर पिठलं-भाकरी जेवू घालायची. सरपंचांचं म्हणणं वेगळं. दलदल म्हणजे डास. जेसीबी लावा, गाळ उपसा, शेतात टाका. ग्रामसभेत मोठी वादावादी झाली आणि शेवटी तोड निघाली : यंदा पिल्लं निघालेली गावाने डोळ्यांनी पाहिली, तर दलदल बायांची. न्हाई तर जेसीबी. वहिनींनी चार घरटी हेरून ठेवली होती. तेवढ्यावर सगळं.

हे काम दुसरीकडे कसं चालतं ते बघायला बाया कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावी निघाल्या. तिथल्या बायका कांदळवन राखतात आणि होडीतून फिरवतात. गाडीत एक सीट रिकामी होती, त्यात मी घुसलो. तिथल्या सुगंधाताई, वल्हं मारता मारता बोलणारी बाई. त्यांनी आम्हाला दाखवलं, या झाडाचं बी झाडावरच रुजतं, हिरव्या शेंगेसारखं लोंबतं आणि सुटलं की भाल्यासारखं चिखलात रुततं. मला काय वाटलं सांगू? वाटलं, दलदल आमचीही आहे, चिखल आमचाही आहे! आमच्याकडे कांदळवन झालं तर पुण्याहून बस भरून लोक येतील... मी विचारलंसुद्धा. सुगंधाताई हसल्या. "ही खाऱ्या पाण्याची झाडां. तुमच्याकडे कित्याक व्हया?"

एवढं ऐकूनही मी डबा भरला.

गावी आल्यावर दुसऱ्या दिवशी भर दुपारी, बाया जेवायला गेलेल्या पाहून, दहा शेंगा ओळीने चिखलात खोचल्या. अकरावी वेगळी लावली — एका घरट्याजवळ. पुढे झाड झालं की पक्ष्यांना सावली होईल म्हणून. हसा.

तिसऱ्या दिवशी वहिनी धापा टाकत घरी आल्या. "भावजी, पाणी वाढायलंय!"

"कुठलं पाणी? पाऊस न्हाई, कॅनॉल बंद."

"मला काय विचारता? येऊन बघा की!"

जाऊन पाहिलं. पश्चिमेच्या टोकाला पाणी खरंच वीतभर वर आलं होतं. आमच्यासमोर ते थांबलं आणि संध्याकाळपर्यंत हळूहळू मागे सरकलं. ओल्या चिखलावर कडेला काडीकचऱ्याची रेघ ठेवून गेलं. मी म्हणालो, मोटारी! वरच्या शेतातल्या मोटारी चालू-बंद होतात, त्याने पातळी हलते. धंद्यातला माणूस ना मी. दुसऱ्या दिवशी बांबू रोवला, त्यावर वीत-वीतभर अंतराने काळी टेप गुंडाळली आणि थ्री-फेज लाईट कधी येते-जाते ते वहीत लिहायला लागलो.

लाईटचा आणि पाण्याचा काही मेळ नाही. लाईट नसतानाही पाणी चढायचं. दिवसातून दोनदा चढायचं, दोनदा उतरायचं. रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊण तास उशिरा! आणि सांडव्याजवळ दगडावर रंगवलेली पातळीची पट्टी आहे, तिथे एक बोटही फरक नाही. एकच तळं, एकच पाणी — इकडे चढतंय, तिकडे ढिम्म. चाखून पाहिलं. गोडच होतं.

पाऊण तासाचं हे गणित मी कुठेतरी ऐकलं होतं. कुठे... सुगंधाताईंच्या होडीत, भरतीचं सांगताना! फोन काढला.

"ताई, लातूरहून बोलतोय. तुमच्या खाडीला आत्ता पाणी कसं हाय?"

"भरती लागली हा. अर्ध्या तासात पुरी होतली. कित्याक ओ?"

मी फोन कानाला लावून बांबूकडे बघत उभा राहिलो. दुसरी टेप बुडत होती. अर्ध्या तासाने पाणी थांबलं. मिनिटाचा फरक नाही म्हटलं तरी चालेल. समुद्र आमच्यापासून चारशे किलोमीटर तरी लांब आहे हो!

खरं सांगतो, मला भीती वाटलीच नाही. मला नाचावंसं वाटलं. तळ्याला भरती! जगात कुणाकडे आहे? मी मनात बोर्डसुद्धा रंगवून टाकला. तेवढ्यात वहिनी मागून म्हणाल्या, "खालचं घरटं गेलं."

वळून पाहिलं तर तीन अंडी पाण्यात तरंगत होती आणि शेकाट्याची जोडी डोक्यावर किंचाळत फिरत होती. माझा नाच तिथेच संपला. सुगंधाताईंनी फोन ठेवताना सांगितलं होतं, अमावस्या जवळ आली, आता रोज पाणी जास्त चढेल.

मग मी सगळं सांगून टाकलं. डबा, शेंगा, सावली, सगळं. वहिनी शांतपणे ऐकत होत्या. शांत वहिनी म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

"काढा," त्या म्हणाल्या.

"आत्ता?"

"न्हाई, मुहूर्त बघू!"

अमावस्येच्या दिवशी सकाळी दहाला आम्ही चिखलात उतरलो. वहिनी, गटातल्या दोघी आणि मी. आम्ही उतरलो आणि पाणी चढायला लागलं, तेही नेहमीसारखं सावकाश नव्हे... डोळ्यांना दिसेल असं! गुडघ्याखालून गुडघ्यावर आलं. ओळीतल्या शेंगा एकेक करून उपटल्या. आठ दिवसांत त्यांनी मुळं धरली होती, सुटताना चिखल फचकन आवाज करायचा. आणि प्रत्येक शेंग निघाली की पाणी क्षणभर थबकायचं. मी एकट्याने पाहिलं असतं तर उन्हाचा भास म्हणालो असतो. चौघांनी पाहिलं.

दहा निघाल्या. पाणी वरच्या तीन घरट्यांपासून चार बोटांवर.

"अकरावी कुठाय?"

"इथेच... घरट्याजवळ..."

"कुठल्या?"

मला आठवेना! सगळा चिखल सारखा, खुणा सगळ्या पाण्याखाली. मी दोन्ही हातांनी चाचपायला लागलो, डोक्यावर पक्षी चोची मारायला येत होते, बाया ओरडत होत्या — "तिकडं न्हाई, इकडं!" पाणी दोन बोटांवर आलं. एका घरट्याच्या काड्या भिजून हलायला लागल्या. वहिनींनी पदर खोचला, दोन्ही हातांनी भराभर चिखल ओढला आणि घरट्यापुढे बांध घालायला लागल्या. मग अचानक थांबून माझ्याकडे बघितलं.

"भावजी, जरा पाय उचला."

पाय उचलला. मी मघापासून तिच्यावरच उभा होतो.

वहिनींनी शेंग खेचली. आणि मंडळी, मोरीचं बूच काढल्यावर कसं होतं, तसं पाणी मागे गेलं. खळखळ आवाज करत, आमच्या पोटऱ्यांवरून, बांबूपर्यंत आणि त्याच्याही खाली! एक शेकाट्या उतरला, घरट्याकडे चालत गेला आणि आम्ही तिथे नाहीच अशा थाटात अंड्यांवर बसला.

त्या दिवसापासून पाणी हललेलं नाही. बांबू अजून तिथेच आहे.

शेंगा ओल्या गोणपाटात गुंडाळून पार्सलने परत पाठवल्या. सुगंधाताईंचा फोन आला, "पोरां माहेराक इली. लागली बरी." लातूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा माझा एक मित्र आहे. तो म्हणतो, गोड्या पाण्यात ही रोपं तग धरू शकतात, त्यात नवल नाही. पाण्याचं विचारलं तर म्हणतो, वारा असेल. रोज पाऊण तास उशिरा येणारा वारा! वही दाखवली तर त्याने चहा मागवला. माझ्याकडेही दुसरं उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा, फक्त मोटारी म्हणू नका.

तीन घरट्यांतून नऊ पिल्लं निघाली. कापसाच्या बोंडाला काड्या टोचाव्यात तशी. सरपंच स्वतः होडीत बसून बघून आले आणि ग्रामसभेत दलदल बायांच्या गटाला मिळाली. आता रविवारी बऱ्यापैकी पाहुणे येतात. परवा मी वहिनींना म्हणालो, एवढा सगळा अनुभव माझ्या गाठीला आहे, मला गाईड म्हणून घ्या. पाहुण्यांना सगळं रंगवून सांगीन. पुन्हा कधी पाणी चढलंच, तर माहितगार माणूस जवळ असलेला बरा.

वहिनी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "समुद्र परत आला तर बघून घेऊ आम्ही. तुम्ही तेवढं येऊ नका."