मिलिंदचा घुमट

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिफ्टवर होतो. हार्ट अटॅक. मुग्धावहिनी एवढंच म्हणाली, "अरे, सकाळी चहा प्यायला, आणि..." सात आठवडे झाले. पण त्याच्यावर लिहायला बसलो की रडू येण्याआधी हसू येतं, कारण मला तो आठवतो तो आनंदाने ओरडतानाच.

आम्ही युनिव्हर्सिटीतले रूममेट. तो स्ट्रक्चरल इंजिनिअर झाला, इथे परदेशातच, क्रेगीबर्न या उपनगरात स्थिरावला. तिथून तीन तासांवरच्या एका गावात ग्रीक लोकांनी बांधलेलं जुनं ऑर्थोडॉक्स चर्च आहे. ती कुटुंबं हळूहळू शहरात गेली, चर्चचं म्युझियम झालं, आणि त्याचा आतून रंगवलेला घुमट बघायला टुरिस्टांच्या बसेस येऊ लागल्या. आम्हीही एकदा असेच गेलो, तर म्युझियम सांभाळणाऱ्या एलेनीआजी डोळे पुसत होत्या. घुमटाला भेग गेली होती, कमिटी तो उतरवणार होती. आजींचं लग्न त्याच घुमटाखाली लागलेलं!

पुढच्याच शनिवारी परवानगी काढून मिलिंद परांचीवर चढला आणि वरूनच ओरडला, "अरे, भेग जुनी आहे! आत धूळ बसलीय! घुमट हलत नाहीये!" कमिटीला पटेना. मग त्याने भेगेवर काचेच्या पातळ पट्ट्या आडव्या चिकटवल्या. घुमट जरासा सरकला तरी काच तडकणार. "सहा महिने द्या," तो म्हणाला. दर महिन्याला आम्ही जायचो. एकदा मी विचारलं, "फुटली तर?" गाडी चालवता चालवता तो म्हणाला, "तर मीच सांगेन, उतरवा म्हणून."

सहाव्या महिन्यात आम्ही खाली श्वास रोखून उभे. वरून आवाज आला, "एकही नाही! एकही नाही फुटली!" तो उतरताच आजींनी त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. साहेब लाजून लालबुंद!

गेल्या रविवारी मुग्धावहिनी आणि त्यांच्या बारा वर्षांच्या लेकीला, इराला, घेऊन तिथे गेलो. आत पाऊल टाकतो तर काय, वीसेक टुरिस्ट जमिनीवर सरळ उताणे! एलेनीआजी हसल्या. "मिलिंद म्हणायचा, घुमट मान वर करून बघायचा नसतो, झोपून बघायचा. आता मी सगळ्यांना झोपवते."

"बाबा स्टार्टेड धिस?" इराने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दोन अनोळखी माणसांच्या मध्ये आडवी झाली. मी तिच्या शेजारी. थोड्या वेळाने तिने मला कोपराने ढोसलं.

"काका, मूव्ह ओव्हर. आईला जागा नाहीये."