सुजाताचा न मोडलेला डाव

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेतून येऊन चहा टाकत होते. माझे यजमान नागपूरला दवाखान्यात बहिणीच्या उशाशी होते. त्यांना धड बोलवेना. "गेली वं आपली सुजी," एवढंच म्हणाले. आमचं नणंद-भावजयीचं नातं भांडायचं, रुसायचं आणि पुन्हा एका ताटात जेवायचं. खूप रडले... पण दोन दिवसांनी पेपराची पुरवणी उघडली आणि रडू जागच्या जागी थांबलं. तिच्या फोटोखाली तिच्या जुन्या कॅप्टनचे चार शब्द होते. गुणी खेळाडू, शांत स्वभाव, वगैरे. आणि शेवटी, "त्या सामन्यात दमून, मला न विचारता तिनं घेतलेल्या बरोबरीची हळहळ मात्र कायम राहील." राख सावडून होत नाही तोवर या माणसानं तेच जुनं खोटं पुन्हा छापून आणलं होतं.

माजरीच्या खाण वसाहतीत, कामगारांच्या क्लबात, सुजाता बापाशेजारी बसून बुद्धिबळ शिकली. देशाकडून परदेशातल्या सांघिक स्पर्धेला निघाली तेव्हा अर्धी वसाहत स्टेशनावर आली होती. संघात पाच जणी. चौघी चार पटांवर बसतात, पाचवी राखीव. सुजाता पाचवी. बरेच दिवस ती मैत्रिणींना पाणी नेऊन देत राहिली आणि शेवटच्या सामन्यात तिला चौथा पट मिळाला. या स्पर्धांचा एक रिवाज तिनंच मला समजावला होता. समोरच्यानं बरोबरी मागितली तर खेळाडू आपल्या कॅप्टनला विचारू शकतो, आणि कॅप्टननं फक्त घे किंवा नको म्हणायचं, डावाबद्दल अक्षर बोलायचं नाही. कॅप्टननी सकाळीच बजावलं होतं की मला विचारल्याशिवाय कोणी बरोबरी घेऊ नका आणि नाकारूही नका. आमची पोरगी आज्ञाधारक. खाणीत देखरेख करणाऱ्या सरदाराचा शब्द मोडला की छत डोक्यावर येतं, हे बापाकडून ऐकत वाढलेली. समोरचीनं बरोबरी मागितली तेव्हा तिला जिंकायची चाल दिसली होती, तरी तिनं कॅप्टनना विचारलं. कॅप्टनची नजर पहिल्या पटावर. तो डाव आपलाच असं ते धरून चालले होते. तिच्या पटाकडे मानही न वळवता म्हणाले, "ले लो." तिनं घेतली. मग पहिला पट हातचा निसटला, सामना बरोबरीत सुटला आणि पदक गेलं. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना सांगितलं की तिनं न विचारता बरोबरी घेतली. शेजारच्या पटावरच्या मुलींनी ऐकलं होतं, पण पुढची निवड कॅप्टनच्याच हातात... सुजाताचं नाव पुन्हा कधी निघालं नाही.

परत आल्यावर तिनं आपल्या खोलीत तोच डाव, बरोबरी मागितली तेव्हा होता तसा, मांडला आणि मला म्हणाली, "वहिनी, हा डाव मोडू नोको." माजरीत राहणाऱ्याला सांगायला नको, इथं खिडक्या लावल्या तरी कोळशाची भुकटी आत येते. चार दिवसांत पांढरी प्यादी काळी. मग मीच एकेक सोंगटी उचलायची, फडक्यानं पुसायची आणि तिच्याच घरात परत ठेवायची. मला अजून बुद्धिबळ येत नाही; घोडा अडीच घरं चालतो एवढं माहीत. पण तो एक डाव डोळे मिटून मांडून देईन. मी तिला कितीदा म्हटलं, तोंड उघड, पेपरात जा. ती नुसती हसायची. वसाहतीतल्या मुलींना शिकवताना मात्र तिचं एक वाक्य ठरलेलं असे, "कॅप्टनले नाई, पटाले इचारा." मोठ्या मनाची होती ती. माझं मन तेवढं मोठं नाही, आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि काही दिवसांनी कॅप्टनचाच फोन आला. चंद्रपूरला एका स्पर्धेच्या उद्घाटनाला येतोय, घरी भेटून जाईन. यजमान भडकले. "त्याले घरात काऊन घेतं?" मी म्हटलं, येऊ द्या. मला सूड घ्यायचा होता, आणि तो कसा, हे फोन ठेवेपर्यंत ठरलं होतं. त्या दिवशी सोंगट्या दोनदा पुसल्या आणि पाहुण्यांची खुर्ची नेमकी पटासमोर ठेवली, सुजाता खेळली त्या पांढऱ्याच्या बाजूनं. ते आले, सोबत ते चार शब्द छापणारा पत्रकारही. दोघांना तिच्या खोलीत बसवून मी चहाला गेले आणि मुद्दाम वेळ लावला. खेळणारा माणूस मांडलेल्या पटासमोर हात बांधून किती वेळ बसेल? ट्रे घेऊन आले तेव्हा ते पुढं झुकलेले होते. चाल कोणाची, त्यांनी विचारलं. पांढऱ्याची, मी म्हटलं, समोरच्यानं बरोबरी मागितलीय.

ते हसले. पांढरा हत्ती उचलून म्हणाले, "बरोबरी कसली? हा हत्ती द्यायचा, प्यादं वजीर होतं. सरळ जिंकलेला डाव आहे. यात कोणाला विचारायचं?"

मी कप त्यांच्यासमोर धरला. "तिनं तुम्हालेच इचारलं होतं, साहेब."

पत्रकार त्यांच्याकडे बघत राहिला. ते पटाकडे... मग हातातला हत्ती पटावर टेकवून चहाला हात न लावता उठले. आमच्या घरून कोणी चहा न घेता गेलेलं मला खपत नाही. त्या दिवशी खपलं. पत्रकाराला म्हटलं, आता तुमच्या पुरवणीत माझेही चार शब्द छापा. हे तेच आहेत. ते गेल्यावर पाहिलं तर हत्ती त्यांनी घाईत भलत्याच घरात ठेवला होता. मी तो फडक्यानं पुसला आणि सुजातानं ठेवला होता तिथं परत ठेवला.