एवढा मोठा टोप

वटार गावच्या शाळेत मी तेव्हा नवी बाई. एक दिवस हेडमास्तरांनी मुलांच्या वाचनालयासाठी आलेला पुस्तकांचा गठ्ठा माझ्या हाती दिला. "चांगली तेवढी ठेवा, बाकीची परत." चांगली म्हणजे कशी, ते काही सांगितलं नाही. मी गठ्ठा घरी आणला आणि तिथेच फसले, कारण घरी बाबा होते.

बाबा तरुणपणी सुतारकामाला आफ्रिकेत गेले होते. वाडीत केळींना पाणी लावता लावता तिथलंच सांगत बसायचे. आई म्हणायची, "झालं सुरू!" नेमकी गठ्ठ्यात आफ्रिकेवरची तीन पुस्तकं निघाली. तिन्हींत चित्र तेच. चुलीवर मोठा टोप, टोपात शिजायला घातलेला गोरा साहेब, भोवती भाले घेऊन नाचणारी काळी माणसं.

बाबांनी चष्मा लावून तिन्ही चित्रं नीट पाहिली.

"एवढा मोठा टोप त्या गावात कोणाकडे नव्हता," ते म्हणाले.

"बाबा, गोष्टीतलं चित्र आहे ते."

"घरटी एकच टोप, तोही लहान. तापाने रस्त्यात पडलो होतो, एका बाईने घरी नेलं. अकरा दिवस कच्ची केळी उकडून, कुसकरून भरवली. आधी मला, उरलं तर तिच्या पोरांना. आणि हे मेले असलं छापतायत! तुझ्या शाळेतल्या पोरांनी तिला असं बघायचं?"

तिन्ही पुस्तकं मी परत केली. हेडमास्तरांनी विचारलं, "मग आफ्रिकेवरचं चांगलं पुस्तक कुठलं?" नव्हतंच. म्हणून शनिवारी मी बाबांनाच चौथीच्या वर्गात उभं केलं. धुतलेलं धोतर, काळी टोपी, परीक्षेला बसल्यासारखा चेहरा.

सांगितलं मात्र झकास. एका मुलाने विचारलं, "त्यांनी तुम्हाला खाल्लं कसं नाही?"

"तापाने खाण्यासारखं काही उरलंच नव्हतं."

वर्ग हसला. बाबा खूश.

मग पुढच्या रांगेतल्या मुलीने विचारलं, "आजोबा, त्या बाईचं नाव काय?"

बाबांना तिथल्या मुकादमाचं नाव पाठ होतं. मुकादमाच्या कुत्र्याचंसुद्धा. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"विचारलंच नाही गं."

घरी परतताना वाडीच्या तोंडाशी ते थांबले.

"अकरा दिवस तिच्या हातचं जेवलो," ते म्हणाले. "सोमवारी त्या पोरीला सांग, म्हातारा चुकला."